चिकूच्या मुळाशी मीठ

साठच्या दशकात आमच्या डहाणूकडच्या चिकूच्या वाड्यांत वीज आली, पण त्याआधीपासून तिथे मिठाची धास्ती होती. खाडीचं खारं पाणी विहिरींना लागू लागलं, तेव्हा बागायतदारांना वाटायला मीच पत्रक छापलं: चिकूच्या मुळाशी मिठाचा कणही जाऊ देऊ नका. माझ्या मामांनी ते मोटारखोलीच्या दारावर चिकटवलं. मी खूश.

पुढे वळवाच्या गडगडाटात मामांची विहिरीवरची विजेची मोटार जळाली. वीज कोसळली होती लांब कैनाडच्या बाजूला, तारांवर. दाबाची उसळी तारेतून इथवर आली. अशी उसळी जमिनीत उतरवायला भिंतीवर अरेस्टर होता, त्याची तार बाहेरच्या खड्ड्यात गेलेली. तरी मोटार जळाली.

"गड्यानं बटण बंद केलं नाही," मामा म्हणाले. झाला निवाडा.

गडी गंजाडचा. पंप चालवायचा, बायकोपोरांसह वाडीतल्याच खोपीत राहायचा. "आभाळ गुरगुरलं तवाच बंद केलं, शेठ," एवढंच तो म्हणत राहिला. मामांनी त्याला खोप रिकामी करायला सांगितलं. पावसाळा तोंडावर असताना!

मी वायरमनला घेऊन आलो. त्यानं बटण उघडून दाखवलं. बंदच होतं, पण आतल्या फटीत काळे डाग. "उसळी मोठी असली की ही फटसुद्धा ओलांडते," तो म्हणाला. मग खड्डा उकरला, तर आत नुसती कोरडी माती. "इथं मी मीठ-कोळसा भरला होता. मिठानं ओल धरते, ओलीतून वीज उतरते. कुणी काढलं?"

गडी मामांकडे बघू लागला.

"मी काढवलं," मामा म्हणाले. "शेजारी चिकू आहे. आणि हा भाचाच छापतो ना, मीठ नको म्हणून?"

वायरमन हसला. "वाचतात हो तुमची पत्रकं."

माझं डोकं तापलं. अरेस्टरबरोबर विजेच्या कचेरीनं खड्ड्याबद्दलच्या सूचनांचा कागद दिला होता, तोही इंग्रजीत. कुणासाठी? आणि चुकलो मामा नि मी, छप्पर मात्र गड्याचं उतरायचं?

"मामा, काढायचंच तर मला काढा," मी म्हणालो. ते घरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गडी छपराचं गवत उतरवत होता. मामांनी दुरून हाक मारली, "उतरवलंच आहेस तर यंदा नीट शाकारून घे. नवं गवत पाठवतो."

गडी खाली उतरून माझ्याकडे आला. "राहा म्हणतात, ते बरं झालं. पण शेठला सांगा, बटण मी बंदच केलं व्हतं."

मी जाऊन सांगितलं.

"माहीत आहे," मामा झोपाळ्यावरून म्हणाले. पण हेच गड्याला सांगायला ते पन्नास पावलं चालून गेले नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही.