लाइट नसताना गुणगुणलेली तार

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, अंगात येणं यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. तीस वर्षं मोटार वाइंडिंगचा धंदा आहे माझा. ज्याला टेस्टर लावता येत नाही, त्यावर मी विश्वास ठेवत नाही. त्यावरून गावात माझी टिंगलही होते. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर जे घडलं... त्या दिवशी माझी बायको किंवा मी, दोघांतलं एक जण नक्की गेलं असतं. म्हणून लिहितोय.

वस्ती कराडच्या खाली, कृष्णाकाठी, उसात. घरात आई, मी आणि बायको सुनीता. आईला ऐकू येणं जवळजवळ बंदच झालं होतं. सुनीता मोठ्यानं बोलली की आईला वाटायचं, सून भांडतेय. मग हळूहळू दोघींचं बोलणंच थांबलं. शेवटी आईला कराडला नेऊन कानामागं लावायचं मशीन घेतलं.

मशीनला एक बारकं बटण आहे. 'एम'वर ठेवलं की मशीन आजूबाजूचा आवाज माइकनं पकडून मोठा करतं. 'टी'वर ठेवलं की माइक बंद. आत तांब्याची बारीक कॉइल असते, ती फक्त चुंबकत्व पकडते – टेलिफोनसाठी ती सोय. मशीन बसवणाऱ्या मॅडमनी हे समजावलं तेव्हा मी एकदम खूश! कॉइल म्हणजे आपलाच प्रांत की. पण आईनं काय करावं? मुद्दाम 'टी'वर ठेवायला लागली! "त्याच्यावर भांडी आदळत न्हाईत रं. लय निवांत वाटतंय." मी कपाळाला हात लावला. म्हणजे मशीन घालून ही बाई ठार बहिरी! सुनीता सासूला आत्या म्हणते. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आत्यास्नी माझं ऐकायचंच न्हाई." ते मला फार लागलं.

एक गंमत मात्र झाली. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरपेटीपाशी गेली की आई म्हणायची, "मोटार गुणगुणतीया." मी तिला डोळे झाकायला लावून परीक्षा घेतली. मोटार चालू की बंद, दरवेळी बरोबर सांगायची. यात चमत्कार काही नाही. तारेतून करंट वाहिला की चुंबकत्व तयार होतं, कॉइल ते पकडते. इथपर्यंत सगळं माझ्या डोक्यात बसत होतं.

आता तो दिवस. सकाळपासून लाइट नव्हती. पंखा, फ्रीज, मोटार, सगळं बंद. इन्व्हर्टर आमच्याकडं नाही. सुनीता धुणं घेऊन गोठ्याकडं गेली. कपडे वाळत घालायची लोखंडी तार तिथल्या पत्र्याच्या शेडला बांधलेली आहे. तिनं ओली साडी पिळून हात वर केला आणि ओसरीवर बसलेली आई किंचाळली, "हात लावू नगंस गं! तार गुणगुणतीया!"

सुनीता वैतागून माझ्याकडं आली. "आवं, बघा की! आता धुणंबी वाळत घालायचं न्हाई म्हणत्यात."

मी टेस्टर घेऊन गेलो. तारेला लावला. काही नाही... असणार कुठून? आई काठी टेकत मागं आली होती. तिला खुणेनं सांगितलं, लाइट नाही. ती ऐकेना. मशीन बघितलं तर 'टी'वरच. मला रागच आला. म्हटलं, धरूनच दाखवतो एकदा. हात पुढं केला तर आईनं काठी टाकली, माझं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि रडायलाच लागली. "दत्ता, नगं रं बाळा..." सत्तरीची बाई, पण मला हात सोडवेना. "सोड की गं आई, काय हे!" असं मी ओरडतोय – आणि लाइट आली. ऑटो स्टार्टरवर मोटार आपोआप सुरू झाली. दुसऱ्या हातातला टेस्टर मी तारेला टेकवला. लख्ख पेटला!

मेन स्विच पाडला आणि शोधलं. मोटारीची केबल शेडच्या पत्र्याला घासून सोलली होती. ती केबल मीच ओढली होती. मी तिथंच मातीत बसलो.

तुम्ही म्हणाल, लाइट नसतानाही कुठून तरी उलटा करंट, रिटर्न, येत असेल. अहो, मग टेस्टर पेटला असता की! आणि हात लावला की शॉक देणारी तारही, तिच्यातून करंट वाहत नसेल तर, चुंबकत्व देत नाही. आईला आणि सुनीताला घेऊन कराडला गेलो, मशीनवाल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मशीन जे आहे ते मोठं करतं. जे नाही ते कसं ऐकवेल?"

त्याच दिवशी त्यांनी मशीन पुन्हा नीट बसवलं, भांड्यांचा आवाज टोचू नये असं करून दिलं आणि बटण 'एम'वर सरकवलं. सुनीता समोर बसून जपून म्हणाली, "आत्या, ऐकू येतंय?" आई तिच्याकडं बघतच राहिली. "येतंय की. किती गोड बोलतीयास गं! मी म्हणत हुते, भांडतीया." सुनीतानं डोळ्याला पदर लावला. माझंही काही वेगळं नव्हतं.

आता केबल नवीन आहे, अर्थिंग पक्कं आहे आणि दोघींच्या गप्पांत मला कोणी विचारत नाही. उलगडा मात्र आजही नाही. आईला खोदून विचारलं तर म्हणते, "मला काय ठावं? भुंगा बसल्यागत आवाज आला."

परवा मी तिला म्हटलं, "समज आई, लाइट आल्यावरही तारेत काहीच निघालं नसतं, तर?"

"तर तू मला हसला असतास," ती म्हणाली. "हसायचं हुतंस की."