मंदाचा राहिलेला बाप्तिस्मा

डॉक्टरांनी ईएमजीचा, म्हणजे नसांच्या तपासणीचा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि मंदाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "मोटर न्यूरॉन डिसीज आहे."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. बोलणं जातं, गिळणं जातं, हातपाय जातात, शेवटी श्वास. बुद्धी मात्र शाबूत राहते.

"उपाय?" मी विचारलं.

"बरं करणारा नाही. एक गोळी आहे, तिने थोडे महिने वाढतात."

मंदाने माझ्या खिशातलं पेन काढलं आणि रिपोर्टच्या पाकिटावर लिहिलं, 'पाण्यात उभी राहू शकेन ना?'

डॉक्टरांना वाटलं, पोहण्याबद्दल विचारतेय. मला मात्र बरोबर कळलं होतं.

मंदा खालापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर अंगणवाडी सेविका होती. त्या वाडीवरच्या एका खोलीत रविवारी प्रार्थना चालायची. सुरुवातीला ती मुलांच्या आयांना भेटायला म्हणून बसली, मग स्वतःसाठी बसू लागली. चार वर्षांनी एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "अहो, मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

मी भिवपुरीच्या वीजकेंद्रात ऑपरेटर. भिसेगावात आमचं घर, आजूबाजूला सगळी भावकी. मी म्हणालो, "रूपालीचं लग्न होऊ दे आधी. सोयरे काय म्हणतील?" रूपाली आमची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न झालं. मग मी म्हणालो, बाळंतपण होऊ दे. मंदाने कधी भांडण केलं नाही. थांबली.

आजाराची सुरुवात जिभेपासून झाली. अंगणवाडीत गाणं शिकवताना तिला 'ळ' म्हणता येईना. मुलं हसायची, तीही हसायची. आधी दातांचा डॉक्टर झाला, मग घशाचा. एकाने टेन्शन आहे म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. या फेऱ्यांमध्ये आठ महिने गेले. तुमच्या घरात कोणाची जीभ अशी जड होत असेल आणि पाणी पिताना ठसका लागत असेल, तर थेट न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे नसांचा डॉक्टर गाठा. आजार बरा होणार नाही, पण राहिलेलं काही करायला वेळ तरी मिळेल.

निदान झालं त्याच आठवड्यात मी स्वतः तिला वाडीवर घेऊन गेलो. तिथले पास्टर गोविंद, पन्नाशीचा शांत माणूस, आठवडाभर वीटभट्टीवर काम करतात. त्यांच्या मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे नदीच्या डोहात पूर्ण बुडवून वर काढणं. जुनं माणूस पुरलं गेलं, नवं उठलं, असा त्याचा अर्थ.

डॉक्टरांनी साफ नकार दिला. "ॲस्पिरेशन होईल. म्हणजे पाणी अन्ननलिकेऐवजी फुप्फुसात जाईल. त्यांना आता खोकून ते बाहेर काढता येणार नाही. घोटभर पाणीही पुरे आहे."

मी पास्टरना म्हणालो, "डोक्यावर थोडं पाणी ओतलं तर?"

"आमी त्याला बाप्तिस्मा मानत नाय, भाऊ." मग मंदाकडे वळून म्हणाले, "ताई, आत्म्याचं तारण विश्वासानं होतं. पाणी ही त्याची साक्ष हाय. पण ती आज्ञा पण हाय. ज्याला जमलंच नाय, त्याला देव समजून घेईल. प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर, क्रुसावर खिळलेला तो चोर बघा. त्याला कुठं बाप्तिस्मा मिळाला? तरी तो प्रभूबरोबर स्वर्गात गेलाच की."

मंदाच्या मांडीवर पाटी होती. तिने लिहिलं, 'त्याला खाली उतरता येत नव्हतं. मला येत होतं.'

मी पाटी पुसली.

पुढच्या चार महिन्यांत तिचा उजवा हात गेला, मग मान धरवेना. पोटातून नळी घालून अन्न द्यायचं असतं, त्या नळीला पेग म्हणतात. मंदाने नकार दिला. डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलं, 'मरणारच आहे. बुडवा.'

रूपाली रडली, पण नाही म्हणाली नाही. पास्टरही तयार झाले. चौघांनी खुर्चीसकट तिला डोहात न्यायचं, येत्या रविवारी, असं ठरलं.

शुक्रवारी सकाळी मी तिला तांदळाची पेज भरवत होतो. तिसऱ्या चमच्याला ठसका लागला आणि थांबेचना. तो चमचा माझ्याच हातात होता.

हायवेजवळच्या हॉस्पिटलात तिला आयसीयूत घेतलं. निमोनिया. तोंडावर बायपॅप, म्हणजे हवा जोराने आत ढकलणारा मास्क. व्हेंटिलेटर नको, हे तिने आधीच लिहून ठेवलं होतं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोन दिवस बसलो. रविवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, "रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलाय. त्या आता गुंगीत आहेत. जागं होणं कठीण वाटतं."

तिच्या उशाशी बायबलचा छोटा नवा करार होता. केरळच्या एक सिस्टर, लिसी, सलाइन बदलता बदलता म्हणाल्या, "बाप्तिस्मा झालाय ना यांचा?"

मी सगळं सांगितलं. त्या थांबल्या. म्हणाल्या, "आमच्या कॅथलिक चर्चमध्ये मरणाच्या वेळी कोणीही देऊ शकतो. ख्रिस्ती नसलेला पण चालतो. पाणी, ते शब्द आणि मनापासून इच्छा पाहिजे. मी देऊ?"

का कोण जाणे, मी म्हणालो, "मी देतो."

त्यांनी औषधाच्या छोट्या कपात पाणी आणलं. मी मंदाच्या कानाशी वाकून विचारलं, "मंदा, देऊ ना गं?" पापणी हलली नाही. पुन्हा विचारलं. नाही हलली.

सिस्टरांनी सांगितले तसे शब्द म्हणत मी कपाळावर तीनदा पाणी ओतलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. माझा यांपैकी कोणावरच विश्वास नव्हता. पाणी मास्कच्या पट्ट्याखाली जायला लागलं तसं मी घाईने रुमालाने टिपून घेतलं. नंतर वाटलं, टिपायला नको होतं.

मंदा सोमवारी दुपारी गेली.

लिसी सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. रविवारी त्यांनी माझ्या हाताला काहीतरी काम दिलं. बाकी सगळे मला फक्त बसायला सांगत होते.

महिन्याभराने मी वाडीवर गेलो आणि पास्टरना विचारलं, "मी दिला तो बाप्तिस्मा धरला जाईल का? तिचं तारण झालं का?"

ते म्हणाले, "तुमचा विश्वास नाय. तिला शुद्ध नव्हती. पाणी कपात होतं. मी हो कसं म्हणू, भाऊ? खोटं बोलू का?"

"नको."

"देव दयाळू हाय, एवढंच मला ठाव हाय."

मी आता रविवारी तिथे जातो, मागे बसतो. घरी येऊन तोच हिशोब करतो. हे सगळं खोटं असेल, तर मंदा संपली. खरं असेल, तर मी तिला दारात अडवून ठेवलं. दोन्हीपैकी कशाचीही आशा करवत नाही. अशा आजाराच्या माणसाने तुमच्याकडे काही मागितलं, ते तुम्हाला पटत नसलं, तरी त्याच आठवड्यात करा. मला सांगण्यासारखं एवढंच आहे.

मागच्या रविवारी प्रार्थनेनंतर पास्टर माझ्या शेजारी येऊन बसले. "भाऊ, तुमी घेता का बाप्तिस्मा? डोहाला पाणी हाय अजून."

मी म्हणालो, "ती जिथं असेल तिथं मला जायचंय, पास्टर. ती कुठं आहे, ते तुम्ही सांगा. मग मी ठरवतो."

ते उठले नाहीत. वाडीवरची माणसं घरी गेली, तरी आम्ही दोघे तसेच बसून होतो.