चाचांच्या दुकानातले मुके

खरादावर लाकूड धरलं की खाली भुसा पडतोच. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी कोपऱ्यात पुन्हा मूठभर निघतो. किस्स्यांचं तसंच आहे. करीमचाचांच्या दुकानात मी नऊ वर्षं काम केलं, आणि एवढी वर्षं झाडतोय तरी भुसा निघतोच आहे! आज बराच साठलाय, तर सांगून टाकतो. घाई नाही ना कुणाला? मला तर मुळीच नाही.

दुकान नाशकात, तांबटांच्या आळीच्या तोंडाशी. राज्य इंग्रजांचं. आज विमानं बनतात त्या ओझरला तेव्हा नुसती बाजरी डोलायची, विमान आम्ही चित्रातसुद्धा पाहिलं नव्हतं. दुकान बंदुका-रायफली दुरुस्त करायचं. चाचांचं सरकारी लायसन काचेच्या चौकटीत भिंतीवर लावलेलं असायचं. मी सखाराम, लाकडाचा माणूस, रायफलीचे दस्ते करायचो. शेजारी गणपत तांबट, तो पितळेचा. चाचा लोखंडाचे. तिघं मिळून एक आख्खी रायफल व्हायची!

•

दुरुस्त झालेली रायफल चालवून बघावी लागते. काडतूस नीट आत जातं का, चाप ओढला की पिन पडते का, बोल्ट मागे घेतला की काडतूस बाहेर उडतं का. पूर्वी चाचा हे खऱ्या काडतुसावरच बघायचे. एकदा चाप नको तेव्हा सुटला. धाडकन बार! गोळी छपरातून गेली, आणि कौलाचा तुकडा खाली चहा पीत बसलेल्या गणपतच्या बशीत पडला.

आम्ही सगळे पांढरेफटक. गणपतनं बशीत बघितलं आणि म्हणाला, “चाचा, मी साखर मागितली होती!”

हसलो खरं, पण चार दिवसांनी कचेरीतून ताकीद आली. पुन्हा बार उडाला, किंवा दुकानातलं एक काडतूस इकडचं तिकडे झालं, तर लायसन रद्द. चाचांनी तो कागद घडी करून टोपीत ठेवला. मला म्हणाले, “सखाराम, बावीस वर्षं या हातांनी हे एकच काम केलं. लायसन गेलं तर हे हात मी ठेवू कुठे?”

त्या दिवसापासून आमच्या तिघांच्या डोक्यात एकच गोष्ट. लायसन जाता कामा नये.

•

उपाय सांगितला छावणीतल्या एका हवालदारानं. “चाचा, डमी वापरा ना!”

गणपत म्हणाला, “दमी? म्हणजे दमा झालेलं काडतूस?”

हवालदारानं समजावलं. दिसायला हुबेहूब काडतूस, पण आत दारूचा कण नाही. मग आम्ही कामाला लागलो. छावणीतून रीतसर कागद करून उडवलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी आणली. त्यांच्या तोंडात बसवायला मी खरादावर लाकडाच्या गोळ्या काढल्या. बुडाला, जिथे ठिणगी पाडणारी टोपी असते तिथे, चामड्याची चकती; म्हणजे पिन आपटून मोडायला नको. आणि गणपतनं प्रत्येकाच्या पोटातून आरपार भोक पाडलं. भोकातून पलीकडचा उजेड दिसला की समजायचं, आत काही नाही.

चाचांनी पहिलं तयार झालेलं हातात घेतलं, रायफलीत घातलं, चाप ओढला. टक! बस्स, तेवढंच.

चाचा खूश झाले. “वा! तोंड आहे, पण बोलत नाही. हा मुका!”

चाचांचं बोलणं घरी उर्दू आणि बाजारात मराठी. काडतूस त्यांच्या तोंडी ‘तो’. तेव्हा एक असला तर मुका, दहा असले तर मुके. गणपतनं माझ्याकडे बघितलं, मी गणपतकडे. पाच वेळा नमाज पढणारा, पांढऱ्या दाढीचा माणूस. त्यांना कोण सांगणार? नाही सांगितलं. नाव पडलं ते पडलंच!

•

पहिली खेप मी घाईनं बाभळीची केली. तसा मी घाईचा माणूस नाही, पण एकदा केली. जंगलखात्याच्या एका रखवालदाराची रायफल घेऊन चाचा इगतपुरीला गेले, बरोबर पाच मुके. तिथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. भिंतींनासुद्धा शेवाळ चढतं. चार दिवस मुक्काम पडला. पाचव्या दिवशी मुका नळीत घातला, तो बाहेरच येईना! लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं.

रखवालदारानं गज घातला, चाचांनी बोल्ट ओढला, दोघं घामाघूम. शेवटी निघाला.

चाचा नाशकात आले, मुका माझ्यासमोर ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “सखाराम, बाबा, गोळी केलीस का हरभरा भिजत घातलास?”

पुढची खेप मी शिसवीची केली, ती तेलात उकळली, आणि आठ दिवस माठाखाली ठेवून, ओलीनं फुगत नाही हे बघून मगच दिली.

•

मुके खऱ्यात मिसळायला नकोत म्हणून चाचांचा एक नियम होता. काम संपलं की सगळे सुतळीत ओवायचे. ज्याला भोक आहे तोच ओवला जातो, खऱ्यात सुतळी जाणारच नाही. ओवलेली माळ खुंटीला. गणपत पितळ असं घासायचा की उन्हात माळ सोन्यासारखी चमकायची.

एक दिवस वणीकडची एक म्हातारी दारात थांबली. गडावर जाऊन आली होती, कपाळाला कुंकवाचा मळवट. ती माळेकडे बघतच राहिली.

“दादा, त्ये कसले ताईत हायेत?”

चाचा म्हणाले, “ताईत नाहीत आजी. मुके आहेत ते.”

“मुके?”

“हो. अजिबात बोलत नाहीत.”

म्हातारीनं पदराची गाठ सोडली. “मंग एक द्या की. सुनेच्या गळ्यात बांधते. लय बोलते ती!”

चाचांनी हात जोडले. एक जरी बाहेर गेला तर लायसन जाईल, असं त्यांनी तिला दोनदा समजावलं. तिला ते काही पटलं नाही. जाताना म्हणाली, “सून तुमच्याच ओळखीतली दिसती!”

•

माझ्या घरचाही एक सांगतो. आता सांगायला हरकत नाही.

छावणीत दहा डमी हव्या होत्या. रीतसर चिठ्ठी चाचांकडे आली होती. लाकूडकाम राहिलेलं म्हणून मी घरीच खराद लावून बसलो होतो, आणि नेमका नदीवर गेलो तेव्हा छावणीचा शिपाई घरी आला. माणूस सरळ, निरोप द्यायचा तेवढा माहीत. दारातूनच बायकोला म्हणाला,

“बाई, सखारामला सांगा, दहा मुके तयार ठेव. उद्या साहेब स्वतः येणार आहेत घ्यायला.”

आमची मंडळी भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं तशीच उठून दारात आली.

“दहा? आन साहेबाला?”

“हो. आणि चांगले गुळगुळीत पाहिजेत म्हणाले. मागच्या वेळचे खरबरीत होते.”

शिपाई सांगायचा, त्यानंतर बाईंच्या हातात उलथनं कधी आलं ते त्याला कळलंच नाही. गल्लीच्या टोकापर्यंत तिचा आवाज येत होता. “सा वर्सं झाली लग्नाला, मला दोन दिसले नाय! आन साहेबाला दहा?”

मी घरी आलो तर भाकरी जळालेली, शेजारणी दारात, आणि मंडळी तोंड फिरवून बसलेली. पिशवीतला एक मुका काढून दाखवला तेव्हा कुठे मिटलं. म्हणजे, बरंचसं मिटलं.

•

आता माझी चूक. आज हसू येतं, तेव्हा नव्हतं येत.

दिंडोरीकडचे एक इनामदार शिकारीचे शौकीन. त्यांची रायफल तयार झाली होती. चाचांनी दहा मुके घालून-काढून बघितली, आणि मला म्हणाले, “काढून ओवून ठेव.” मी काढले, रायफल इनामदारांच्या गड्याला दिली, आणि माळ ओवायला बसलो. ओवली, खुंटीला लावायला गेलो, तर माळ हलकी लागली. नऊच!

दहावा नळीत राहिला होता.

चाचा माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. टोपीतला ताकिदीचा कागद काढून पुन्हा वाचला; मुका मागायला माणूस पाठवावा, तर चूक गावभर होणार.

तिसऱ्या दिवशी इनामदार स्वतः आले, गाडीतून उतरले ते थेट गादीपाशी. मी खरादामागे सरकलो. त्यांनी खिशातून तो मुका काढला, दोन्ही हातांनी चाचांपुढे ठेवला, आणि वर पेढ्यांचा पुडा!

“करीमभाई, उसाच्या फडात काळं काहीतरी हललं. मला वाटलं डुक्कर. नेम धरला, चाप ओढला. टक! दुसऱ्यांदा बोल्ट ओढतोय तोच डुक्कर म्हणालं, ‘मामंजी, मी आहे!’”

जावई होता. डोक्यावर काळं घोंगडं घेऊन गेला होता फडात, कशाला जातात लोक तशाच कामाला.

गणपतनं पेढा तोंडात टाकून विचारलं, “मग? काय म्हणतायत जावईबापू?”

इनामदार म्हणाले, “काय म्हणणार! तेवढं एक वाक्य बोलला, तेव्हापासून तोच मुका आहे!”

•

पेढे गोड लागले, पण इनामदारांनी ही गोष्ट गावोगाव सांगितली. प्रत्येक गावात ती थोडी वाढली. कचेरीत पोचली तेव्हा तिचं असं झालं होतं की करीमचाचांच्या दुकानात काडतुसं बनतात आणि बाहेर जातात!

लायसन नवं करायचे दिवस होते. कागद कचेरीत अडकला. लायसनचा इंग्रज साहेब स्वतः तपासणीला येणार असा निरोप आला. दिवस सत्याग्रहाचे, पितळी नळकांडं आणि भोक पाडायचं गिरमिट एका दुकानात दिसलं की बॉम्बच्या धास्तीनं साहेबलोक सावध व्हायचे. आम्ही काडतुसं रिकामी ठेवतो, भरत नाही, हे पटवायचं कसं? त्या सकाळी चाचांनी धुतलेला अंगरखा घातला, पण बंद मलाच बांधावे लागले.

साहेब आला. उंच, लालबुंद, मराठीची सरकारी परीक्षा दिलेला. बरोबर कारकून दामोदरपंत, काखेत दप्तर. साहेबानं गणपतचं गिरमिट बघितलं, माझा खराद बघितला, आणि खुर्चीवर बसला.

“डाखवा.”

मी माळ काढून दिली. साहेबानं एकेका भोकाला डोळा लावून उजेड बघितला. मग दुरुस्तीची रायफल मागितली, पाच घातले, बोल्ट मागे-पुढे केला. एकेक मुका टणटण करत फरशीवर पडला. शेवटचा आत ठेवला, नळी परसाकडे केली आणि चाप ओढला.

टक!

साहेबानं तो शेवटचा मुका काढून चामड्यावरची पिनेची खूण बघितली. मी चाचांकडे बघायचं धाडस केलं नाही. मग तो एकदम हसला. “फार चांगलं काम! छावणीट असं कोणी करट नाही.” दामोदरपंतांनी दप्तरातून नवं लायसन काढलं, साहेबानं तिथेच सही ठोकली.

पण साहेबाला एक मुका नमुना म्हणून फायलीत लावायचा होता. आणि सरकारनं वस्तू घेतली तर देणाऱ्याच्या सहीची पावती हवी. दामोदरपंत नियमाचे पक्के. लायसन काखेत धरून म्हणाले, “आधी पावती, मग लायसन.” खोक्यावर कागद ठेवून, दौतीत बोरू बुडवून त्यांनी पावती लिहिली आणि कायद्याप्रमाणे सगळ्यांसमक्ष खड्या आवाजात वाचून दाखवली:

“लिहून देतो की, आज रोजी माझे दुकानी, दोन साक्षीदारांचे समक्ष, मी करीम, साहेबबहादुरांस स्वखुशीने एक मुका दिला असे.”

मी जमिनीकडे बघत होतो. गणपतनं तोंडात उपरणं कोंबलं होतं. साहेबाचे कान लाल होत होत पार जांभळे झाले. परीक्षा चांगली दिलेली दिसत होती.

चाचांनी बोरू हातात घेतला. कागदाकडे बघितलं. दाढीवरून हात फिरवला. सही काही केली नाही.

दामोदरपंत घाबरले. “चाचा, करा ना सही! लायसन अडलंय तुमचं.”

चाचा शांतपणे म्हणाले, “पंत, ‘स्वखुशीने’ तेवढं खोडा. बाकी सगळं खरं आहे.”

सरकारी कागदावर खाडाखोड! पंतांनी भीत भीत साहेबाकडे बघितलं. साहेब खुर्चीवरून उठला, चाचांच्या हातातला बोरू घेतला, स्वतःच्या हातानं तो शब्द खोडला, पंतांच्या काखेतलं लायसन ओढून चाचांना दिलं आणि म्हणाला,

“बरोबर आहे. मी मागिटला!”