वीतभर बाहेर

"आदी तपासा, मंग बोला."

नगरच्या मोजणी कचेरीत मी नवा कारकून म्हणून रुजू झालो, त्याच सकाळी हे वाक्य पहिल्यांदा कानावर आलं. कचेरीच्या ओट्यावर ठरावीक अंतरावर दोन दगड पुरलेले होते आणि त्यांच्यावर छिन्नीने खुणा मारलेल्या होत्या. पन्नाशीचा एक माणूस उकिडवा बसून लोखंडी साखळी त्या दोन खुणांमध्ये ताणून, एक डोळा मिटून बघत होता. मी म्हटलं, "अहो चला, गाडी चुकेल." मान वर न करता त्यांनी ते वाक्य म्हटलं. गाडी चुकलीच.

हे आमचे साखळीवाले. सगळी कचेरी त्यांना आबा म्हणायची. जमीन मोजताना साखळी ओढायची, खांब रोवायचे, हे त्यांचं काम. कागदावर आकडे मांडायचं ते माझं. ते मला भाऊसाहेब म्हणत आणि शाळेतल्या पोरासारखं वागवत. केडगावात आमची घरंही एकाच आळीत, त्यामुळे सकाळी कचेरीला जाताना आणि संध्याकाळी परतताना त्यांची सोबत चुकत नसे. म्हणजे शिकवणीही चुकत नसे.

पुणतांब्याला नदीकाठी दोन भावांच्या बांधाचा तंटा होता. दिवसभर उन्हात मोजणी झाली, पंच सह्यांना बसले, आणि आबांनी सहज साखळीवरून हात फिरवला. एक कडी किंचित वाकलेली. "भाऊसाहेब, आजचं समदं फुकट." मी अगदी रडकुंडीला आलो. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सगळं पुन्हा! फरक निघाला चार बोटांचा. दोघे भाऊसुद्धा म्हणाले, राहू द्या हो चार बोटं. आबा ऐकतात होय?

ओढ्यापलीकडे साखळी जायची नाही तिथे आम्ही सुती दोरी वापरायचो. ती पावसात भिजली की आबा ती बाजूला टाकून देत. "भिजली की आटती. वाळल्यावरबी आटल्यालीच ऱ्हाती," हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेत विचारलं असतं तरी मी म्हणून दाखवलं असतं. हे ध्यानात ठेवा. माझ्या ध्यानात राहिलं नाही, म्हणून सांगतोय.

आबांना एकच मुलगा. आपल्यामागं पोरानं सरकारी साखळी धरावी, एवढी एकच आबांची इच्छा होती. पोरगा म्हणाला, "दुसऱ्याच्या जमिनी मोजत जलम काढू व्हय?" बापलेकांचं कडाक्याचं वाजलं. लढाईचे दिवस होते, नगरच्या कॅम्पात भरती जोरात होती. पोरगा घरी न सांगता भरती झाला, मोटार चालवायला शिकला आणि परमुलखात गेला.

त्याची पत्रं यायची ती आईच्या नावाने. त्या आईला, म्हणजे आमच्या वहिनींना, वाचता येत नव्हतं, आबांना आकडे सोडून काही वाचता येत नव्हतं, म्हणून वाचायचो मी. वहिनी जात्याशी बसून ऐकायच्या. आबा ओसरीवर माझ्याकडे पाठ करून बसायचे. पत्रात त्यांची चौकशी नसायची आणि उत्तरात त्यांचा निरोप नसायचा. दोन वर्षं असंच चाललं.

मग एक पत्र आलं. लढाई संपली की लष्कराच्या मोटारी लिलावात निघतील, त्यातली एक घेईन आणि भाड्याने चालवीन, असं त्यात होतं. पुढे लिहिलं होतं, 'पुण्याची एक कंपनी बोलावत आहे, तिथे मोटार ठेवायची सोय आहे. घरी मोटारीला जागा झाली तर मात्र गावीच राहीन. मोटारीची लांबी...' आणि त्यापुढे काळं फासलेलं! पत्रं तपासणाऱ्या साहेबाला त्या आकड्यांत काय लष्करी गुपित दिसलं देव जाणे, सगळे आकडे खोडून ठेवलेले.

मी पत्र उलटंसुलटं करत होतो. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, पाठ तशीच.

"जागा किती लागंल, इचारा त्याला."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं.

उत्तर पत्रातून आलंच नाही. रजेवर आलेला शेजारच्या गावचा एक जवान सुती दोरीचं एक भेंडोळं घेऊन आला. त्याने निरोप सांगितला: पहिल्या गाठीपर्यंत रुंदी, दुसऱ्या गाठीपर्यंत लांबी, फिरायला जागा सोडूनच गाठी मारल्या आहेत, आणखी सोडू नका. आबांनी ती दोरी दोन्ही हातांत घेतली आणि बराच वेळ नुसतीच धरून ठेवली. मी म्हटलं, "आबा, जवानाला विचारून आकडे लिहून घेऊ. तपासायला बरं."

"पोरानं धाडल्यालं माप हाय, भाऊसाहेब. त्ये काय तपासायचं?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. सरकारी साखळीवर ज्याचा विश्वास नाही तो माणूस हे बोलतोय!

घराशेजारच्या मोकळ्या जागेत मोटारघर बांधायचं ठरलं आणि आमच्या आळीच्या डोक्याचा पार भुगा झाला. मोटारी आम्ही पुणे रस्त्यावरून जाताना बघितल्या होत्या, पण मोटारीचं घर कोणाच्या बापजन्मी बघितलं होतं? कोणी म्हणे देऊळ बांधताहेत, कोणी म्हणे धान्याचं कोठार. मी परवानगीचा अर्ज भरायला बसलो तर नमुन्यात रकाना होता, 'राहणाऱ्या माणसांची संख्या'. मी विचारलं, "आबा, इथे काय लिहू? शून्य?"

"शून्य कशापायी? एक लिवा. यायचा हाय म्हनून लिवा."

मी तसंच लिहिलं. वरच्या कारकुनाने अर्ज दोनदा परत पाठवला. मी दोनदा तेच लिहिलं.

पाया आखायच्या दिवशी वहिनींनी सारवण केलं, रांगोळी घातली. दोरी परमुलखातून आलेली, कोणाकोणाचे हात लागलेले, म्हणून त्यांनी ती आदल्या दिवशीच हळदीच्या पाण्यातून काढून तुळशीपाशी वाळत घातली होती. चांगली कोरडी, पिवळीधमक झाली होती. एक टोक आबांनी धरलं, दुसरं मी. "ताना, भाऊसाहेब, ताना!" अशी ताणली की माझ्या बोटांना वळ पडले. चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या. माझे हात दोन दिवस पिवळे होते, घरी चेष्टा झाली.

बांधायला नगरचे एक म्हातारे मिस्त्री होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. दगड आणि मातीचं त्यांचं काम झकास, पण उंबरठ्यावर येऊन ते अडले.

"आबा, सारी उमर घरं बांधली. उंबऱ्याबिगर घर मी बांधनार न्हाई."

"आन् मोटार उंबरा कशी वलांडंल, चाचा?"

"पाय उचलंल की."

"तिला पाय न्हाईत, चाकं हायेत!"

चाचा विचारात पडले. शेवटी उंबरा जमिनीत पुरायचा ठरला, म्हणजे आहेही आणि नाहीही. मग चाचांनी कोणाला न विचारता एक खिडकी काढली, मोटारीला वारा लागावा म्हणून. दिव्याला देवळी केली. मागच्या भिंतीत दोन लोखंडी कड्याही बसवल्या. मी म्हटलं, "या कशाला?" तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बिथरली तर?" आबा रोज कचेरीतून आले की मोटारघरात जाऊन उभे राहायचे. बाहेर आले की मला म्हणायचे, "ऱ्हाईल न्हवं? ऱ्हाईल. जागा चांगली हाय." ते मोटारीविषयी बोलत नव्हते, एवढं मलाही कळत होतं.

लढाई संपली. आणखी काही महिन्यांनी एका दुपारी आळीत भोंगा वाजला आणि लांब नाकाची हिरवी मोटार येऊन थांबली. आतून उतरलेला तो आडदांड गडी आबांचा पोरगा आहे हे ओळखायला मला एक क्षण लागला. वहिनी भाकरतुकडा घेऊन आल्या, त्याच्यावरून ओवाळून टाकला. मग मोटारीवरून ओवाळायचं, तर तिचं तोंड कोणत्या बाजूला म्हणायचं, यावर बायकांत वाद लागला. बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही मोटारघराकडे नजर वळवली.

"घाल आत," आबा म्हणाले.

मोटार आत गेली. नाक मागच्या भिंतीला टेकलं. आणि मागचा भाग वीतभर बाहेर राहिला.

दारं लागेनात. चाचांनी पुढे होऊन ढकलून बघितलं, भिंतीला ढकलावं तसं.

पोरगा खाली उतरला. "मी जागा सोडून माप धाडलं होतं," तो म्हणाला. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "दोरी दुसऱ्याच मोटारीची आसंल." त्याचा चेहरा लालबुंद झाला. "म्हंजी मी खोटं माप धाडलं? यायचंच नव्हतं म्हनून? दोरी कुठं हाय? आना, आत्ता लावून बघू. न्हाईतर ऱ्हाऊ द्या, पुन्याची कंपनी आजून बोलावतीय मला." त्याने मोटारीच्या दारावर हात ठेवला. वहिनी खांबाला धरून उभ्या होत्या.

आबा घरात जाऊन दोरी घेऊन आले. येता येता ती बोटांतून सरकवत होते, साखळीवरून हात फिरवायचे तशी. अंगणात मध्येच थांबले. दोरीकडे बघितलं, मग वहिनींकडे बघितलं. मग दोरीचं भेंडोळं करून कोटाच्या खिशात टाकलं.

"दोरीचं काय बघायचं? तुजं माप बराबर हाय. चुकलो मी. आखताना दोरी नीट तानली न्हाई."

अहो, दुसरं टोक माझ्या हातात होतं! मी तोंड उघडलं. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

पोरगाही गोंधळला. बापाने चूक कबूल केलेली त्याने जन्मात ऐकली नव्हती, आम्हीही नव्हती. मग त्याने दारावरचा हात काढला आणि म्हणाला, "वीतभरानं काय हुतंय? वर गोनपाट टाकू." वहिनींनी धरलेला खांब सोडला. त्या दिवशी आमच्या आळीत गोड झालं.

मला मात्र चैन पडेना. आबा खोटं का बोलले? पोराने माप चुकीचं पाठवलं आणि ते बापाने पोटात घातलं, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. पोराचा मला रागही आला. एकदा कचेरीत सगळ्यांदेखत आबा म्हणाले, "आदी तपासा, मंग बोला," आणि मी, मूर्खासारखा, म्हणालो, "घरच्या दोरीलाही हेच लावलं असतं तर!" सगळे हसले. आबाही हसले. त्या हसण्याची आठवण झाली की आजही मान खाली जाते.

पोरगा नगरच्या स्टेशनावरून भाडी मारू लागला. संध्याकाळी मोटार आली की आबा मोटारघराशी जात, बाहेर राहिलेल्या भागावर वीत टेकवत आणि म्हणत, "वीतभर. हाय तेवढीच हाय." मग दोघे मिळून वर गोणपाट बांधायचे. बोलणं फारसं नसे, पण गाठ एकाने धरायची आणि दुसऱ्याने मारायची.

तीन वर्षं हे चाललं. चौथ्या थंडीत आबा चार दिवसांच्या तापाने गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेलो. वहिनी एकट्याच होत्या. त्यांनी आतून ते पिवळं भेंडोळं आणून माझ्यापुढे ठेवलं.

"भाऊसाहेब, ही हळदीत भिजवली ती म्याच. मोटार आली त्याच दिशी त्यांना कळलं. मी म्हनलं, सांगते पोराला, माज्यामुळं झालं. तर म्हनले, न्हाई सांगायचं. माज्यावर रागवायची सवय हाय त्याला, तुज्यावर न्हाई."

मी दोरी हातात घेतली. सूत आवळून घट्ट झालेलं, बोटांना स्पष्ट लागत होतं. भिजली की आटती. वाळल्यावरबी आटल्यालीच ऱ्हाती. इतक्या वर्षांचा कारकून मी, हळदीत भिजलेली दोरी माझ्या हातात ताणली गेली आणि मी काय बघत होतो, तर माझे पिवळे हात! मला रडू आवरेना. वहिनीच मला पाणी प्या म्हणाल्या.

तेवढ्यात मोटार आली. पोरगा उतरला. मी डोळे पुसून बाहेर गेलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आता मागची भिंत काढून हातभर वाढवून घे. पावसाची पंचाईत जाईल."

"न्हाई, भाऊसाहेब." तो गोणपाट उलगडत होता. "सगळ्या जिल्ह्याची जमीन मोजली त्यांनी. साऱ्या जन्मात चुकले ते हितं, एवढंच. ते मी मोडू व्हय?"

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी 'नको' अशी मान हलवली.

पोराने मोटारीच्या बाहेर राहिलेल्या भागावर पंजा पसरून वीत टेकवली. त्याचा पंजा आबांच्यापेक्षा मोठा, अंगठा दाराच्या रेषेच्या आत गेला. त्याने तो मागे घेतला, बोटं जराशी आवळून पुन्हा टेकवली आणि म्हणाला, "वीतभर. हाय तेवढीच हाय."

मग गोणपाटाचं एक टोक त्याने माझ्यापुढे केलं. मी गाठ धरली.