मडक्याची कावीळ

लोकांना औषधोपचारातलं खरंखोटं कितपत कळतं, हे मोजायला पुण्याहून साहेब आले तेव्हा मी चिंचवडच्या दवाखान्यात नर्स होते. साहेब घरोघर विचारायचे, "शेजाऱ्याला अंगारा लावून बरं वाटलं, तर तो अंगाऱ्याचाच गुण का?" उत्तरं मी लिहून घ्यायची.

कासारवाडीत एका म्हातारीनं प्रत्येक प्रश्नाला ठणकावून "न्हाई" म्हटलं. साहेब खूश! आणि आत तिची सून निजलेली. सात महिन्यांची पोटुशी, डोळे हळदीसारखे पिवळे, गळ्यात वैदूनं मंतरून दिलेली काटक्यांची माळ.

मी म्हणाले, "मावशी, हिला आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या. जीव जाईल पोरीचा."

"माळ छातीवर व्हती, आता बेंबीला आली. माळ वाढली म्हंजी कावीळ उतरतीया."

"मग साहेबांना न्हाई न्हाई का म्हणालात?"

"सायबानं इचारलं की न्हाई म्हणायचं. येवढं कळतंय की आमास्नी!"

मी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "तिनं जे उत्तर दिलंय तेच लिहा." शिसारी आली मला. आत माणूस मरतंय आणि हा बाबा बाहेर शहाणपणाला मार्क देतोय!

रोज जाऊन भांडले. सुनेच्या नवऱ्याचं एकच, आई म्हणेल तसं. शेवटी त्याच वैदूकडून दुसरी माळ आणली आणि म्हातारीच्या डोळ्यांदेखत ओसरीवरच्या मडक्याला घातली. काटक्या सुकल्या, दोरा सैल पडला, मडक्याची माळही वाढली. म्हटलं, "बघा आता! याला कुठली आलीय कावीळ?"

म्हातारीनं हात जोडले. "आगं बया! मडक्याची बी उतरवली की! काय गुण हाय वैदूबाबाच्या हाताला!"

आतून सून क्षीण आवाजात म्हणाली, "बाई, मला न्या ओ." मी तिला उठवायला गेले, तर म्हातारी दारात आडवी झाली. माळ मधीच काढली तर उलटंल म्हणे!

दुसऱ्या दिवशी पोरगी बेशुद्ध पडली आणि गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

दहाव्याला मी गेले होते. म्हातारी ऊर बडवत जमलेल्या बायकांना सांगत होती, "ह्या बाईनं मडक्याला माळ घातली, अन् माझ्या सुनंचा गुण वाटला गेला." आणि बायका माझ्याकडे बघत माना डोलवत होत्या.