पायाळू मावशींची पाठ

परवा रविवारी बायको मला राजूरहून मुकुटबनला घेऊन गेली... तिच्या इंदूमावशींची लाथ खायला! हसू नका. मावशी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या. अशा माणसाचा पाय लागला की पाठीची लचक जाते, असं आमच्याकडे मानतात.

माझी लचक मात्र चांगली मुरलेली. कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचो, आता कमरेला पट्टा बांधून छताकडे बघत पडून असतो. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका, हळूहळू वाकायला लागा. पण वाकायच्या नुसत्या विचाराने घाम फुटतो... आपण घरातली अडगळ झालो, असं वाटत राहतं.

मावशींनी अंगणात सतरंजी टाकली. बायकोचा खांदा धरून कसाबसा पालथा पडलो. थंडीतलं कोवळं ऊन, चुलीवर तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास, लांबून कुणाची तरी हाक... मावशींचा पाय इतका हलका टेकला की लाथ कधी बसली ते कळलंच नाही. डोळा लागला. असं निवांत मी कितीतरी दिवसांत झोपलो नव्हतो.

जाग आली तर शेजारी मावशीच पालथ्या पडलेल्या!

"बाबू, माह्यी बी कंबर लय दुखते," त्या म्हणाल्या. "मी साऱ्या गावाले लाथ मारतो, मले कोन मारन? आता तूच ठेव पाय."

मी म्हटलं, मावशी, मी कुठला पायाळू? आणि मोठ्या माणसाला पाय लावायचा म्हणजे पाप!

"कायचं पाप बाप्पा? ठेव मुकाट्यानं."

बायकोने हसत हसत मला उठवलं. मी ओसरीचा खांब धरला, पाय उचलला. मावशींच्या पाठीची हाडं तळव्याला लागली आणि मला एकदम भरून आलं. एवढ्या लोकांच्या पाठी बघणाऱ्या या बाईला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

पाय काढला आणि मोठ्यांना चुकून पाय लागल्यावर करतो तसा, सवयीने त्यांच्या पाठीला हात लावून नमस्कार केला.

"अवो..." बायकोचं हसूच थांबलं. "वाकले ना तुमी!"

खरंच वाकलो होतो. पार सतरंजीपर्यंत... आणि भीती वाटायची राहूनच गेली होती.

कंबर आजही दुखते, खोटं कशाला बोलू? पण भीतीलाही विसरता येतं, हे त्या अंगणात कळलं. मावशी, तुमच्या पाठीचे फार उपकार.