पुठ्ठ्यावरचे नंबर

निघोजे गावातल्या एका कंपनीत मी कॉम्प्युटरचं काम बघायला लागलो, तेव्हा ऑफिसच्या भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला होता. नेटवर्कवर कुठल्या मशीनचा नंबर कोणता, हे आमच्या जुन्या इलेक्ट्रिशियन मामांनी त्यावर हाताने लिहिलेलं. मला त्या पुठ्ठ्याचा जाम वैताग यायचा. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेलो मी. नंबर वाटायचं काम राउटरवरच सोपवलं आणि पुठ्ठा काढून कपाटामागे टाकला.

मामा तेवढ्यावर गप्प बसले नाहीत. गॅसच्या खोलीत गळती ओळखणारा एक डबा होता. गळती झाली की तो गेटवरच्या कॉम्प्युटरला निरोप धाडायचा आणि तिथे भोंगा वाजायचा.

"त्यो डबा गेटचा नंबर पाठ करून बसलाय, राव," मामा म्हणाले. "उद्या नंबर बदलला तर त्यानं कुनाला हाक मारायची?"

"मामा, गेटचा कॉम्प्युटर कधी बंदच होत नाही. नंबर बदलेल कशाला?"

वर्षातून एकदा होतो, हे मी विसरलो. खंडेनवमीला आम्ही झाडून सगळी यंत्रं बंद करून पुजली. राउटरला तर हळदकुंकू मीच लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिसेप्शनचा कॉम्प्युटर आधी सुरू झाला. बंद केल्यामुळे राउटर जुनं सगळं विसरलेला. त्याने गेटचा नंबर रिसेप्शनला देऊन टाकला. मला याचा पत्ताही नव्हता. मी गेटच्या केबिनमध्ये चहा घेत होतो. मामा गॅसचा व्हॉल्व्ह उघडायला गेले होते.

वाऱ्याबरोबर वास आला. मी स्क्रीनकडे पाहिलं. हिरवा दिवा, गळती नाही. निरोप आला नाही तर तो हिरवाच राहणार, हे मला माहीत होतं. तरी नाकापेक्षा माझा त्या दिव्यावर जास्त विश्वास. मी उरलेला चहा संपवला.

वास वाढला तेव्हा गॅसच्या खोलीकडे पळालो. मामा उंबऱ्यावर पालथे पडले होते, अर्धे आत, अर्धे बाहेर. वर झेंडूचं तोरण तसंच होतं. मी त्यांना ओढून बाहेर काढलं.

मामा वाचले. पण तेव्हापासून बोलताना मध्येच शब्द शोधत राहतात. दवाखान्यात त्यांनी पहिलं विचारलं, "डब्यानं हाक मारली व्हती का?"

"मारली होती, मामा. चुकीच्या नंबरला. चूक माझी."

चहाचं मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.